आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र : कापायला पॅकेज आहे, दुखण्याला नाही

प्रति,
मा. आरोग्यमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी माझ्या मणक्याची दुसरी शस्त्रक्रिया ठरली होती, ती झाली नाही. आदल्या रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. हातात सलाइनची सुई, अंगात मागून नाड्या बांधायचा तो हिरवा झगा, केस टोपीत कोंबलेले, बांगड्या काढून मुलीच्या पर्समध्ये. स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत गेलं, तिथे बराच वेळ थांबलं आणि मग एका वॉर्डबॉयनं येऊन सांगितलं, "मॅडम, क्वेरी आलीय. आज होणार नाही." म्हणजे इम्प्लांटच्या, मणक्यात बसवायच्या स्क्रूंच्या, मंजुरीवर कुणीतरी कुठेतरी बसून शंका काढली होती. शंका काय, तर पहिल्या शस्त्रक्रियेच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत अस्पष्ट आहे. ती अस्पष्ट प्रत याच रुग्णालयानं दिलेली होती.

आपण व्यग्र असता याची मला जाणीव आहे. त्याच आठवड्यात 'प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वेदना निवारण केंद्र' हे आश्वासन आपण एका कार्यक्रमात पुन्हा एकदा दिल्याचं वाचलं. पुन्हा एकदा म्हणते, कारण ते आधीही दिलं होतंत आणि आमच्याकडे तर त्या केंद्राचं उद्घाटनही होऊन गेलंय. त्या केंद्राकडे येतेच. आधी दुखण्याबद्दल लिहू द्या, कारण ते पुरतं ऐकून घ्यायला आजवर कुणाला वेळ झालेला नाही.

मी शाळेत शिकवते. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती सरकून नस दबत होती, म्हणून ती काढली आणि दोन्ही मणके स्क्रू घालून जोडले. पायातली कळ काही महिने थांबली. मग परत आली, आणि येताना आग घेऊन आली. आता एक स्क्रू सैल झालाय, नसेभोवती व्रणाची गाठ धरलीय आणि जोडाच्या वरच्या चकतीवर सगळा भार पडून तीही झिजत चाललीय, असं नवा एमआरआय सांगतो. स्क्रूंच्या सावलीतून जेवढं दिसतं तेवढंच सांगतो म्हणा.

आमच्या वर्गातल्या फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागातच माझं अक्षर असतं. खालचं मुलं लिहितात. मी वाकत नाही हे त्यांनी न सांगता ओळखलं आणि आपसात पाळ्या लावून घेतल्या. रात्री कूस बदलायची तर आधी गुडघे वळवायचे, मग हातानं पलंगाची कड धरायची, मग श्वास रोखून कंबर. तेवढ्यात झोप उडते ती उडतेच. पांघरूणाचं टोक पोटरीला घासलं तरी चटका बसतो. उजव्या पायात मोजा घालता येत नाही, म्हणून हिवाळ्यातही मी चपलेवर शाळेत जाते आणि 'काय बाई, थंडी वाजत नाही का?' हे हसून घेते. नसेच्या दुखण्यावर मिळणाऱ्या प्रीगाबालिननं आग थोडी निवते, पण शिकवताना वाक्याच्या मधोमध शब्द हरवतो. तीस मुलं माझ्या तोंडाकडे बघत असतात आणि मी 'ते... ते...' करत उभी. त्यातलं एखादं पोर हळूच शब्द पुरवतं. ते दुखण्यापेक्षा जास्त लागतं, साहेब.

हे ओपीडीत सांगायला गेलं की एकच प्रश्न येतो : "दहापैकी किती दुखतंय?" मी सात म्हटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रडत नव्हते, साडी नीट नेसलेली होती, नमस्कारही केला होता. त्यांनी केसपेपरवर चार लिहिलं. मी ते उलट्या बाजूनं वाचलं, आम्हा मास्तरांना ती सवय असते. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्या डोळ्यांवरून तो रात्रभर जागा असावा आणि दारात रांग जिन्यापर्यंत होती. पण माझे तीन गुण कुणी कापले, आणि फेरतपासणीचा अर्ज कुठे करायचा, हे कुणीतरी सांगावं. त्याआधीच्या एका मोठ्या डॉक्टरांनी तर एक्स-रेही न बघता 'या वयात बायकांना असं होतं, टेन्शन घेऊ नका' असं सांगून मोकळं केलं होतं. टेन्शन घेतल्यानं स्क्रू सैल होतो हे मला नवीनच होतं.

वेदनेच्या अभ्यासकांची जी जागतिक संघटना आहे, तिनं 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली आणि तिच्या टिपांत साफ लिहिलं की, माणूस स्वतःच्या वेदनेबद्दल जे सांगतो त्याचा मान राखला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली आणि ते वर्गीकरण 1 जानेवारी 2022 पासून लागूही झालं. म्हणजे कागदोपत्री मी आता खरी रुग्ण आहे. आमच्या केसपेपरवर मात्र अजून 'जुनी कंबरदुखी' एवढंच असतं. आणि ही माझ्या एकटीची रड आहे असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्याच हिशेबानं 2020 साली जगात 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती आणि 2050 पर्यंत हा आकडा 84 कोटींच्या पुढे जाईल. एवढी मतं एका बाजूला पडली असती तर आतापर्यंत खातं उघडलं असतं.

आता तुमच्या केंद्राबद्दल. शस्त्रक्रिया करणारे सर्जन सरळ माणूस आहेत. त्यांनी बसवून सांगितलं, दुसऱ्या वेळेला यशाची शक्यता पहिल्यापेक्षा कमी असते, व्रणामुळे नसेचं आवरण फाटायचा धोका वाढतो, स्क्रू बदलला तरी दुखणं जाईलच याची खात्री नाही. मी विचारलं, मग दुसरा मार्ग? ते म्हणाले, वेदनातज्ज्ञ, नियमित फिजिओथेरपी, औषधांची नीट घडी आणि झोपेकडे-मनाकडे बघणारं कुणीतरी, हे सगळं एका जागी सहा महिने मिळालं तर कदाचित ऑपरेशन लांबवता येईल, टाळताही येईल. कुठे मिळेल? तर खालच्या मजल्यावर केंद्र आहे ना, विचारून बघा.

गेले. पाटी आहे, झळझळीत आहे. 'वेदना निवारण केंद्र, सोमवार व गुरुवार'. दाराच्या कडीला उद्घाटनाच्या फितीचं टोक अजून गाठ मारलेलं आहे. आत सलाइनचे खोके छतापर्यंत रचलेत आणि चाकं गेलेल्या व्हीलचेअर एकीत एक घातल्यात. शेजारच्या खिडकीवर विचारलं तर उत्तर मिळालं, "पद मंजूर नाही." केंद्र मंजूर आहे, खोली मंजूर आहे, पाटी मंजूर आहे, माणूस मंजूर नाही. बरोबरच आहे. फिजिओथेरपिस्टच्या पदाची फीत कापता येत नाही आणि त्याच्यासोबत फोटोही बरा येत नाही.

म्हणून मी पुन्हा सुरीखाली चालले आहे. हे नीट वाचा, महोदय, बाकीचं पत्र वाचलं नाहीत तरी चालेल. ऑपरेशनची मला खात्री नाही. सर्जनलाही नाही. पण ऑपरेशनला पॅकेज, म्हणजे योजनेत ठरवून दिलेला खर्च, आहे आणि न कापता बरं करण्याला नाही. देशातल्या सगळ्यात मोठ्या सरकारी आरोग्य योजनेचेच नियम बघा. 2018 मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारतमध्ये दाखल रुग्णाचा खर्च आहे, भरतीच्या आधीचे 3 दिवस आहेत, सुटीनंतरचे 15 दिवस आहेत. दाखल न होता घ्यायचे उपचार त्यात नाहीत. आणि डॉक्टरी भाषेत वेदना दीर्घकालीन ठरते तीच मुळी 3 महिन्यांनंतर. पंधराव्या दिवशी सरकार हात झटकतं, नव्वदाव्या दिवशी माझा आजार जन्माला येतो. मधल्या काळात माझं काय करायचं हे ना योजनेला माहीत, ना विमा कंपनीला. स्क्रूला हजार सह्या लागतील, पण मंजुरी मिळेल. आठवड्याला दोनदा फिजिओला जायचं तर खिशातून.

खिशावरून आठवलं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत म्हणे लोकांना स्वतःच्या खिशातून करावा लागणारा खर्च एकूण आरोग्यखर्चाच्या 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. अभिनंदन. माझ्या खिशाला हे परिपत्रक अजून मिळालेलं दिसत नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तुम्हीच लिहिलं होतंत की 2025 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 2.5 टक्क्यांवर नेऊ. 'तुम्हीच' म्हणजे तुम्ही नसाल, तुमच्याआधीचे असतील, केंद्रातले असतील. आरोग्य हा राज्याचा विषय, धोरण केंद्राचं, रुग्णालय तिसऱ्याचं, मंजुरी चौथ्याची. कंबर तेवढी माझी.

औषधांचंही तेच. ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला तिचे सरकारी कारखाने आहेत, त्याच देशात 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर डॉक्टरांनी धसका घेतला आणि त्याच अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिन या वेदनाशामकाचा वैद्यकीय वापर 97 टक्क्यांनी घसरून 1997 मध्ये 18 किलोवर आला. अख्ख्या देशाला 18 किलो! आमच्या वर्गातल्या एका पोराचंही वजन त्याहून जास्त आहे. 2014 मध्ये संसदेनं कायदा सुधारला, मग सरकारनं मॉर्फिन-फेंटानिलसारखी सहा औषधं 'अत्यावश्यक' म्हणून वेगळी काढली, चार-पाच परवान्यांच्या जागी एक पुरे केला. तरी पहिल्या ऑपरेशनच्या रात्री मी कळवळत होते तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "तसलं इंजेक्शन आमच्याकडे ठेवत नाहीत, पॅरासिटामॉल चालू आहे ना?" गैरसमज नको. मला रोजच्या दुखण्यासाठी मॉर्फिन नकोय, ते माझ्यासारखीला फारसं लागू पडत नाही आणि सवय लागते ती वेगळीच, हे मला समजावून सांगितलेलं आहे. पण मणक्यात स्क्रू पिळल्यानंतरच्या पहिल्या दोन रात्री तरी? तेवढ्यासाठीही आम्ही संशयितच? 2018 पासून ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही त्याच कायद्याखाली आलं, तेव्हापासून मेडिकलवाला माझी चिठ्ठी उजेडात धरून बघतो. मुलीच्या देखत.

दिव्यांग प्रमाणपत्राचा नाद मी सोडला. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, दीर्घकालीन वेदना हा त्यात नाही. बोर्डापुढे पाय किती अंशात उचलला जातो ते मोजतात, 40 टक्के भरले तर माणूस सवलतीला पात्र. "चालत आलात ना?" असं विचारलं मला. हो, चालत आले. रिक्षात बसणं त्याहून जास्त दुखतं म्हणून चालत आले. त्याचा रकाना नव्हता. मग बदलीत तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग मिळतो आणि स्टाफरूममध्ये ऐकू येतं, 'बाईंची कंबर परीक्षेच्या ड्युटीलाच बरी दुखते.'

मंगळवारच्या प्रकाराची तक्रार मी आपल्या पोर्टलवर केली. दुसऱ्याच दिवशी मेसेज आला, 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे.' त्याच्या पुढच्या दिवशी, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का?' मी 'नाही' दाबलं. स्क्रीनवर आलं, 'धन्यवाद.' एवढा वेग ऑपरेशन थिएटरच्या दारात दिसला असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. आपल्यापैकी कुणाचा गुडघा दुखला तर तो कुठल्या शहरात, कुठल्या मजल्यावर, किती तासांत बघितला जातो हे लोकांना ठाऊक असतं. तिथे क्वेरी येत नाही. तिथे दहापैकी सात म्हटलं की सातच लिहितात.

मागायचं तसं थोडंच आहे. त्या खोलीतले खोके हलवा आणि पद मंजूर करून एक वेदनातज्ज्ञ, एक फिजिओथेरपिस्ट बसवा, सोमवारी आणि गुरुवारी, पाटीवर आहे तसं. दाखल न होता घ्यायचे वेदनेचे उपचार योजनेत आणा, निदान शस्त्रक्रिया झालेल्यांना वर्षभर तरी. मंजुरीच्या क्वेऱ्या रुग्णाला टेबलापाशी नेण्याआधी सोडवायच्या, हा नियम करायला तर मंत्रिमंडळही लागत नाही. ऑपरेशननंतरच्या वेदनाशमनाचं औषध कपाटात ठेवायचा जो एक परवाना लागतो, तो किती सरकारी रुग्णालयांनी काढलाय त्याची यादी जाहीर करा. यादी एका पानात मावेल अशी मला शंका आहे.

मला नवी तारीख मिळाली आहे, पेन्सिलनं लिहिलेली. डिस्चार्ज कार्डाची स्पष्ट प्रत मिळवायला रेकॉर्ड विभागाकडे अर्ज करायचा असतो, तिथे उभं राहावं लागतं, खुर्ची नाही. तो अर्ज मी केला आहे. या पत्राचं उत्तर लेखी द्यावं. 'वर्ग करण्यात आले आहे' असं उत्तर असेल तर कागद वाया घालवू नये.

आपली,
एक शिक्षिका