फाट्यावरचा वीर मोरीत गाडला: मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी आमच्या फाट्यावरचा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, जेसीबीनं उपटला. दोन तुकडे झाले. वरचा तुकडा नव्या मोरीच्या भरावात गेला, खालचा चरात पालथा पडला आहे. तीन वर्षांपूर्वी रस्त्याच्या रुंदीकरणाची आखणी झाली, तेव्हा याच दगडापाशी उभं राहून त्या कामावरच्या साहेबांनी गावाला शब्द दिला होता: दगड कट्ट्यावर उभा करू, शेजारी माहितीचा फलक लावू. तो शब्द मी तारखेसह वहीत लिहून ठेवला आहे.

आपण हा दगड पाहिला नसेल, म्हणून सांगतो. सगळ्यांत खाली गाईंचा कळप आणि त्यांच्यापुढं आडवा पडलेला माणूस. त्यावरच्या चौकटीत तोच ढाल-तलवार घेऊन लढतोय. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, आणि शेवटी तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय. माथ्यावर चंद्र-सूर्य, ते आहेत तोवर याची आठवण राहावी म्हणून. नाव कोरलेलं नाही. गावची गुरं राखताना पडलेला आमचाच कुणीतरी. आमचं गाव कुठल्या बखरीत नाही, ते या एका दगडावर होतं. आई दर अमावस्येला तिथं नारळ फोडायची, ‘आपला वीर’ म्हणायची. ती गेल्यापासून अकरा वर्षं मी तो धुतोय.

या दगडापायी सोलापूरला बावीस हेलपाटे घातले. एका कार्यालयात म्हणाले, हा संरक्षित यादीत नाही. दुसऱ्यात म्हणाले, रस्ता आमचा, दगड आमचा नाही. तिसऱ्यानं अर्ज पुन्हा पहिल्याकडे वर्ग केला. पत्नीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मी पुढं ढकलली, कारण त्या दिवशी साहेबांनी भेटीला बोलावलं होतं. चार तास बाकावर बसवलं, भेटले नाहीत. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

यादीत नाही म्हणजे बेवारस, हा अर्थ कुणी काढला? शंभर वर्षांहून जुनं शिल्प किंवा शिलालेख १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष, म्हणजे प्राचीन वस्तू, ठरतो. हा कायदा मला, एका निवृत्त शिक्षकाला, ठाऊक आहे. आपल्या खात्यांत तो कुणीच वाचलेला नाही काय?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मीही पेढे वाटले. पण मराठीचं जुनेपण आपण सांगता ते कशाच्या आधारावर? दगडांच्याच ना! रायगड जिल्ह्यातल्या अक्षीच्या गधेगाळावरचा, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप म्हणून गाढवाचं चित्र कोरलेल्या दगडावरचा, मराठी लेख कित्येक अभ्यासक शके ९३४ चा (इ. स. १०१२) मानतात, आणि तो दगड किती वर्षं रस्त्याकडेला उन्हापावसात उभा होता! आमच्याच जिल्ह्यात कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा (इ. स. १०१८) मराठी लेख आहे. जो वाचील तो विजयी होईल, असं त्यात म्हटलंय. वाचणार कोण? आमच्या तालुक्यातले वीरगळ आणि सतीशिळा मी सायकलवरून फिरून मोजल्या, एकसष्ट भरल्या. आज त्यांतल्या निम्म्याही जागेवर नसतील. कुठं धुणं धुतात, कुठं उंबऱ्याला लावल्यात. गावकऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही. रस्त्यावर गावाच्या नावाची पाटी लावता, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक लागू देता, आणि हा दगड काय आहे हे सांगणाऱ्या चार ओळींना पैसे नसतात.

एक गोष्ट आपण स्वतः येऊन पाहा. रस्त्याच्या भूमिपूजनाची कोनशिला वीरगळापासून दहा पावलांवर आहे. तिच्याभोवती दोन फूट जागा सोडून चर खणलाय. तिला ओरखडाही नाही. म्हणजे दगड वाचवायचा ठरवला तर जेसीबीवाल्याला तो वाचवता येतो. कुठला वाचवायचा हे त्याला वरून सांगितलं जातं.

वरचा तुकडा भरावातून काढा. दोन्ही जोडून ग्रामपंचायतीच्या आवारात उभे करा, फलकाचा मजकूर मी लिहून देतो. आणि रुंदीकरणाच्या प्रत्येक निविदेत रस्त्याकडेच्या जुन्या दगडांची आधी नोंद करण्याची अट घाला.

मोरीवर काँक्रीट सोमवारी ओतणार आहेत. मी सकाळी सातपासून त्या चरात बसलेला असेन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. सोलापूर