आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना, जाहीर आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला "आता जपून राहा, दगदग करू नका" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. जपायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र तुम्ही करून दाखवलेत. ते माझ्या वयाच्या इतरांनाही उपयोगी पडावे, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे.

मी आलो होतो गुडघेदुखीसाठी. गुडघा तपासण्याआधी तुम्ही मला हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायला सांगितले आणि मग तीच उठबस पुन्हा पुन्हा करायला लावली. वयाबरोबर स्नायू झिजत जातात, साठीनंतर ही झीज वाढते आणि मांडी दुबळी झाली की भार गुडघ्यावर येतो, त्यामुळे नुसते शेकून किंवा तेल चोळून भागत नाही, हे तुम्ही माझ्याच मांडीवर बोट ठेवून समजावलेत. रंकाळ्याच्या काठाने रोजचे फिरणे चालू ठेवा, परंतु तोल आणि ताकद यांचा सराव वेगळा करावा लागतो, असे तुमचे म्हणणे होते. जागतिक आरोग्य संघटनाही 65 वर्षांपुढील व्यक्तींना आठवड्यातून किमान 3 दिवस असा सराव करायला सांगते, हे नंतर माझ्या वाचनात आले. स्वयंपाकाच्या ओट्यावर बोटे टेकवून एका पायावर उभे राहणे, टाचा उचलून सावकाश खाली आणणे, हे सारे दूध तापेपर्यंत होते. त्यामुळे दूध उतू जाणे बंद झाले, हाच आमच्या सौभाग्यवतींच्या मते सर्वांत मोठा लाभ.

माझ्या मते मोठा लाभ दुसराच. सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, असे मी बोलण्याच्या ओघात म्हणालो, तेव्हा तुम्ही आधी मला आडवे झोपवून आणि मग उभे करून रक्तदाब मोजलात. वरचा आकडा 20 हून अधिक उतरला होता. गोळ्यांविषयी स्वतः काहीही न सुचवता तुम्ही माझ्या नेहमीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिलीत आणि त्यांनी एका गोळीची मात्रा कमी केली. आपल्या अधिकाराची मर्यादा इतकी नेमकी ओळखणारी माणसे विरळाच. आता पलंगाच्या कडेला थोडा वेळ बसून, पावले हलवून मगच मी उठतो. न्हाणीघरात भिंतीला दांडा बसवला आहे आणि दारातले सरकणारे पायपुसणे हद्दपार झाले आहे.

आहाराबाबत तुम्ही थोडकेच बोललात, पण "तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या वाट्या रिचवून प्रोटीन मिळत नाही, ते मटणाच्या तुकड्यांत असते" हे कोल्हापुरात बसून सांगायला धाडस लागते. आमच्याकडचे पाण्यासारखे वरण तेव्हापासून घट्ट झाले आहे आणि रात्रीच्या जेवणातही उसळ किंवा दही असते.

एक विनंती आहे. व्यायामांची चित्रे असलेला तुमचा कागद आमच्या गल्लीत इतक्या हातांतून फिरला की घडीवर फाटला. नवा छापाल तेव्हा अक्षरे कृपया मोठी ठेवा. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना मोतीबिंदू आहे.

आपला आभारी,
एक ज्येष्ठ रुग्ण, कोल्हापूर