डक्टवरची शीट हटवण्याबाबत (पत्र तिसरे)

दि. २१ एप्रिल २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली गृहनिर्माण संस्था, डोंबिवली (पूर्व)

विषय : सदनिका क्र. ४०३ च्या एसीचा बाहेरचा पंखा वारंवार बंद पडणे व त्यास कारणीभूत असलेली डक्टवरची (इमारतीतल्या हवेच्या उभ्या मोकळ्या जागेवरची) शीट.

संदर्भ : माझी दि. ९ मार्च व ३१ मार्चची पत्रे (दोन्हींची पोच माझ्याकडे आहे).

स. न. वि. वि.

हे पत्र सचिवांना न देता थेट आपल्या हातात देत आहे, कारण शीट सचिवांचीच आहे. पहिली दोन पत्रे रीतीप्रमाणे त्यांच्याकडेच दिली होती. तक्रार ज्यांच्याविरुद्ध, पोचही त्यांच्याच सहीची, असा हा प्रकार. आदर्श उपविधी (गृहनिर्माण संस्थांची नियमावली) क्र. १७२ प्रमाणे मी लेखी अर्ज केला. क्र. १७३ मध्ये पंधरा दिवसांत निर्णय कळवण्याचे स्पष्ट लिहिले आहे. आज त्रेचाळिसावा दिवस. (हे पंधरा दिवस समितीच्या सभेनंतर मोजायचे असतात, असे सचिवांनी मला जिन्यात ऐकवले. बरे, तसे मोजू. सभा ४ एप्रिलला झाली. इतिवृत्तात लिफ्टमधल्या आरशाचा ठराव आहे, माझ्या पत्राचे नावसुद्धा नाही.)

आता मूळ तक्रार. दुपारी एसी लावला की वीस-बावीस मिनिटे छान गार होते. मग बाहेरच्या युनिटचा पंखा थांबतो. कॉम्प्रेसर आणखी दोन-तीन मिनिटे कण्हतो आणि टक् असा आवाज होऊन तोही बसतो. आतून नुसता वारा येत राहतो. पाऊण तासाने सगळे आपोआप सुरू होते आणि पुन्हा वीस मिनिटांनी तोच खेळ. सौ.च्या गुडघ्याचे ऑपरेशन फेब्रुवारीत झाले. दुपारची त्यांची झोप म्हणजे वीस मिनिटे डोळा लागणे आणि पाऊण तास पंख्याकडे बघत पडणे.

मी लगेच कोणाकडे बोट दाखवणारा माणूस नाही. आधी घरचे तपासले. फिल्टर धुतले. मेकॅनिक बोलावला, त्याने न उघडताच ‘काका, गॅस कमी आहे’ म्हणून निदान केले आणि २,८०० रुपये घेतले. पंखा बाविसाव्या मिनिटाला थांबला. दुसरा आला, त्याने पंख्याचा कपॅसिटर (मोटरला जोर देणारा भाग) बदलला. तो खरोखर उतरला होता, अडीच मायक्रोफॅरडच्या जागी १.९ दाखवत होता, म्हणून त्या ३५० रुपयांबद्दल तक्रार नाही. पंखा जोमाने फिरू लागला आणि चोविसाव्या मिनिटाला थांबला. तिसऱ्याने ‘पीसीबी (एसी चालवणारे सर्किट) गेलाय, साडेसहा हजार’ सांगितल्यावर मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

मी ३१ वर्षे आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलांना शिकवले आहे, हे समितीला ठाऊक असेलच. गणपतीच्या लायटिंगच्या वेळी तर ते नेमके आठवते. शेवटी मीच मीटर घेऊन डक्टच्या खिडकीतून वाकलो. सौ.ने मागून सदरा धरला होता. (मुलांना हे कधी करू देऊ नये. मीही करणार नव्हतो.) पंखा थांबलेला असताना मोटरच्या टोकांवर २२६ व्होल्ट मिळाले. म्हणजे सप्लाय येतो आहे, पीसीबी निर्दोष. मग एमसीबी (एसीचा मुख्य खटका) पाडला, कपॅसिटर डिस्चार्ज केला, वायरी सोडवल्या आणि वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तपासली. तार अखंड असली की मीटर वाजतो, तो गप्प. चाळीस मिनिटांनी तीच वाइंडिंग तपासली तर मीटर वाजला. जळलेली मोटर अशी परत जुळत नाही. मोटरच्या आत थर्मल कटआउट असतो, ती फार तापली की तो उघडतो आणि निवली की मिटतो. पंखा थांबला की कॉइलमधली उष्णता बाहेर फेकली जात नाही, प्रेशर चढते आणि मग कॉम्प्रेसरचा ओव्हरलोडही (त्याचा संरक्षक खटका) पडतो. बिचारी यंत्रे आपापले काम चोख करत आहेत.

प्रश्न एवढाच की मोटर इतकी तापते कशामुळे. सुतळीला थर्मामीटर बांधून युनिटच्या मागे, जिथून ते हवा ओढते तिथे सोडला. दुपारी अडीच वाजता ५१ अंश. त्याच वेळी माझ्या गॅलरीत ३४. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजतात. आपला डक्ट चार फूट बाय सहा फूट. त्यात २०३, ३०३ आणि माझे अशी तीन युनिटे गरम हवा सोडतात. ती वर जाऊन गच्चीवरून निघून जायची, त्यासाठीच डक्ट असतो. परंतु ५०३ च्या खिडकीच्या उंचीवर, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर, सन्माननीय सचिवांनी जानेवारीत कबुतरांसाठी फायबरची शीट आडवी ठोकली आहे. एका कडेला वीतभर फट आहे, तिच्यावर त्यांचे पायपुसणे वाळत असते. आमची तिघांची गरम हवा तिथे आपटून खाली येते आणि माझे युनिट तीच पुन्हा ओढते.

हा माझा तर्क नाही, प्रयोग आहे, आणि तो सचिवांनी स्वतःच करून दिला. २९ मार्चला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, त्यांच्याकडे साफसफाई निघाली आणि शीट धुवायला गच्चीवर गेली. त्या दुपारी माझा एसी सव्वाबारा ते चार पंचवीस, म्हणजे चार तास दहा मिनिटे, एकदाही न थांबता चालला. सौ. इतक्या गाढ झोपल्या की मी दोनदा उठून बघून आलो. पाडव्याला संध्याकाळी गुढी उतरली आणि शीट चढली. सोमवारी तेविसाव्या मिनिटाला पंखा थांबला. त्याच दिवशी वेळांच्या तक्त्यासह दुसरे पत्र दिले. तक्ता सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला. त्यावर एक हात जोडलेले चित्र आले आणि मग देवगड हापूसच्या पेटीचा भाव.

शेजाऱ्यांचा मला पूर्ण पाठिंबा आहे. ३०३ च्या वहिनींना विचारले तेव्हा त्या ‘हो, यंदा गरम होतंय खरं’ म्हणाल्या, ती मी लेखी संमतीच समजतो. २०३ चे भाडेकरू नाइट ड्यूटीला असल्याने भेटले नाहीत, पण त्यांचा विरोध असल्याचे कानावर आलेले नाही. वॉचमनही माझ्या बाजूने आहे.

सचिवांचे उत्तर तोंडी मिळाले, लिफ्टमध्ये, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये : ‘काका, एसी जुना झालाय, नवीन घ्या ना.’ एसी २०१९ चा आहे. त्यांची स्कूटर त्याहून जुनी आहे आणि ती माझ्या पार्किंगच्या रेषेत दीड फूट येते, पण ती बदला असे मी कधी म्हटलेले नाही. जिन्यातली त्यांच्या चिरंजीवांची सायकल, २०२१ मध्ये माझ्या सिंकमध्ये उतरलेले त्यांच्या स्वयंपाकघरातले पाणी, आणि कोजागिरीच्या दुधाचे दोनशे रुपये घेऊन आजतागायत न दिलेली पावती हे विषय मी मुद्दाम या पत्रात काढत नाही.

त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला की माझे युनिट डक्टमध्ये बसवताना मी तरी समितीची परवानगी कुठे घेतली होती. त्या वर्षी आपल्याकडे समिती नव्हती, प्रशासक होते, आणि ते मंगळवारीच यायचे. युनिट सोमवारी बसले. शिवाय युनिट डक्टमध्ये आहे आणि शीट डक्टवर आहे, हा फरक समितीने लक्षात घ्यावा. डक्ट सामाईक आहे, कोणा एकाचा माळा नव्हे.

माझी मागणी फार नाही. शीट काढावी आणि तिथे कबुतरांची नायलॉनची जाळी लावावी. कबुतरे थांबतील आणि हवा जाईल. जाळीचा निम्मा खर्च मी देईन, पावती मिळणार असेल तर. ३० एप्रिलपर्यंत काही न झाल्यास मेच्या मेंटेनन्समधून गॅस आणि कपॅसिटरचे मिळून ३,१५० रुपये वजा करून चेक देईन. याला उपविधीत आधार आहे का, हे कृपया सचिवांना विचारू नये.

तत्पूर्वी येत्या शनिवारी, २६ तारखेला, दुपारी दोन वाजता आपण माझ्याकडे यावे ही विनंती. सव्वादोनला एसी लावू. हातात घड्याळ असू द्या. पन्हे आम्ही देऊ, पण पेला रिकामा होण्याआधी पंखा थांबला तर तसे आपल्या हस्ताक्षरात लिहून द्यावे.

कळावे,

आपला,
सभासद, सदनिका क्र. ४०३

सोबत : वेळांचा तक्ता (पाने ४), डक्टचा फोटो (पायपुसण्यासह).
प्रत : सूचना फलक. मागच्या वेळी ‘सेलोटेप संपली’ असे सांगण्यात आले होते, म्हणून या वेळी सेलोटेप सोबत जोडली आहे. उरलेली परत करावी.