चिठ्ठीवरच्या तीन ओळींसाठी, मॅडम

आदरणीय मॅडम,

समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं, त्या फायलीचं काय झालं?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. विद्यार्थी परिषदेतून थेट कार्यालयात आलेल्या आम्हा मुलामुलींना तुम्ही ज्या रीतीनं कामाला लावता, ते चारचौघांना कळायला हवं.

तुमच्याआधी जे साहेब होते, त्यांना आमच्याबद्दल एवढंच म्हणायचं असायचं: "नेतेगिरी इथे चालणार नाही." प्रशिक्षणात कुणी वक्ता येऊन 'आपली आवड शोधा' म्हणून टाळ्या घेऊन जायचा, आणि लगेच हातात हजारभर ओळींची एक्सेल शीट पडायची. ती कुणासाठी, कशासाठी, हे विचारलं तर "सांगितलंय तेवढं करा." वर हेच लोक म्हणणार, नव्या पोरांचं कामात मन नाही. मन लागणार तरी कशात? हा राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवावा असंही वाटत नाही.

तशीच शीट तुम्हीही दिलीत. फक्त तिच्यावर एक चिठ्ठी होती, पेन्सिलीनं लिहिलेल्या तीन ओळींची. ही यादी कोण वापरणार. त्यांना ती कधीपर्यंत हवी. आणि चुकली तर कुणाचं काय अडेल. तिसऱ्या ओळीत तुम्ही लिहिलं होतं: खाते क्रमांकातला एक आकडा इकडचा तिकडे झाला, की पैसे परत येतात आणि त्या पुरवठादाराला पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. त्यानंतर प्रत्येक आकडा दोनदा वाचला जातो, तोही कुणी न सांगता.

हे लिहायला दोन मिनिटं पुरतात. त्याचं मोल कळायचं तर विद्यार्थी नेतृत्वात काय सवय लागते ते पाहावं लागेल. तिथे सकाळी घेतलेल्या निर्णयाचं फळ संध्याकाळी दिसतं. मांडव भरला की कळतं, पाणी संपलं की त्याहून लवकर कळतं. कार्यालयात एकच काम दहा हातांतून जातं आणि त्याचा परिणाम दुसऱ्या मजल्यावर, तिमाही उलटल्यावर कुणाला तरी जाणवतो. आवड आटली असं आपण म्हणतो खरं, पण त्याआधी ज्याच्यापर्यंत काम पोचतं तो माणूस दिसेनासा झालेला असतो. कामाच्या ठिकाणच्या माणसांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ साली हेच दाखवलं होतं. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची त्यांनी शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी थोडा वेळ गाठ घालून दिली. महिन्याभरानं त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली होती. तुमची चिठ्ठी तीच गाठ घालून देते.

आमच्या खोडीही तुम्हाला नेमक्या ठाऊक. नवा माणूस पहिल्याच बैठकीत पाच सुधारणा सुचवतो, कारण परिषदेत गप्प बसणारा मागे पडतो. तुम्ही त्याला अडवत नाही. सूचना वहीत लिहायला लावता, आणि प्रत्येकीसमोर 'आज असं का करतात' हे ते काम करणाऱ्यालाच विचारून लिहायला. महिन्याभरात बऱ्याच सूचना तो स्वतःच खोडतो. उरतात त्या खरंच कामाच्या असतात. दुसरी खोड, दिसेल त्या कामाला हात वर करणं. तिथे तुमचा नियम साधा आहे: स्वतःची दोन कामं, मदतीचं एक, चौथं घ्यायचं तर आधी एक संपवायचं. तिसरी खोड सगळ्यांत महाग पडते. रात्री अकराला ग्रुपवर 'उद्या सकाळपर्यंत हवं' असा मेसेज टाकणं. स्वयंसेवक हौसेनं आलेला असतो, तो धावतो. सहकाऱ्याला त्याचा साहेब आणि त्याची मुदत असते. म्हणून मागताना काय हवं, कधी हवं आणि त्याला अंदाजे किती वेळ लागेल, एवढं तरी सांगायचं.

पण जुनं सगळं टाकून द्या, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. कार्यक्रमाच्या तारखेपासून मागे मोजत परवानगी, छपाई, मंच यांची आखणी करता येते ना? मग इथेही तसंच मोजा, फक्त प्रत्येक सहीसाठी दोन दिवस जास्त धरा. जाणारी समिती नव्यांच्या हाती काही लिहून देत नाही, ही परिषदेतली जुनी रड. इथे हस्तांतराची टिपणं पहिल्या आठवड्यापासून लिहायची.

आणि ती शुक्रवारची पंधरा मिनिटं. कोणत्या कामात घड्याळाकडे लक्ष गेलं नाही, कोणतं ओढून नेलं, कुणाच्या उपयोगी पडलं, असे तीन रकाने. दहा-बारा आठवड्यांची पानं शेजारी ठेवली की कल दिसायला लागतो, आणि मग बदल मागायचा तो एकच. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या संशोधकांनी २००१ मध्ये मांडलं की माणसं कामं, माणसांशी संबंध आणि कामाकडे पाहण्याची नजर बदलून आपली नोकरी स्वतःच घडवत असतात. मात्र वरिष्ठ मोकळा नसेल तर हे चोरून करावं लागतं. तुमच्याकडे ते टेबलावर, समोरासमोर होतं.

काहींचा कल तरीही या कामाकडे वळत नाही. त्यांनाही तुम्ही पानं समोर ठेवून स्पष्ट सांगता, आणि जायचं म्हणालं तर शिफारसपत्रात 'अध्यक्ष होता' असं मोघम न लिहिता किती माणसं सांभाळली, किती खर्चाचा हिशेब दिला, काय वेळेत पूर्ण केलं ते लिहून देता. जाणाऱ्याशी इतकं नीट वागणारी माणसं फार थोडी भेटतात. मनापासून आभार.

आपली कृतज्ञ,
तुमच्या हाताखाली शिकलेली एक माजी विद्यार्थी प्रतिनिधी