यामामोतोंचा डाव गनिमी कावा नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जपानी नौसेनानी अ‍ॅडमिरल इसोरोकू यामामोतो यांच्यावर आलेला लेख आवडीने वाचला. लेखकाने परिश्रम घेतले आहेत, हे जाणवते. मात्र पर्ल हार्बर या हवाईतल्या अमेरिकी नौदल तळावरील हल्ल्याला त्यांनी 'समुद्रावरचा गनिमी कावा' म्हटले आहे, ते पटत नाही. प्रबळ शत्रूवर अचानक घाला घातला की आपल्याकडे लगेच हा शब्द वापरला जातो. पण गनिमी काव्याचा खरा आधार काळ असतो. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला आणि १७०७ मध्ये इथेच मेला. दरम्यानच्या पंचवीस वर्षांत मराठ्यांनी त्याला हवी तशी एकच एक निर्णायक लढाई दिली नाही, कारण युद्ध जितके लांबेल तितका मोगलांचाच खर्च वाढत होता.

जपानची स्थिती याच्या नेमकी उलट होती. जुलै १९४० मध्ये अमेरिकी काँग्रेसने आरमाराची क्षमता सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढवण्याचा कायदा केला आणि १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने जपानचा तेलपुरवठा तोडला. जपानचे बहुतांश तेल अमेरिकेतूनच येत असल्यामुळे गोदीत उभ्या राहणाऱ्या नव्या अमेरिकी नौका आणि जपानचे आटत जाणारे तेलसाठे यांच्यामध्ये प्रत्येक महिना यामामोतोंच्या विरोधातच जात होता. म्हणून त्यांना झटपट निकाल हवा होता.

गनिमी काव्याशी काही साम्य शोधायचेच असेल, तर ते यामामोतोंनी बाजूला सारलेल्या जुन्या जपानी योजनेत सापडेल. अमेरिकी आरमार पॅसिफिक ओलांडून येऊ द्यायचे, वाटेत पाणबुड्या, बेटांवरची विमाने आणि रात्रीचे टॉर्पेडो हल्ले यांनी त्याचे लचके तोडायचे आणि मग स्वतःच्या पाण्यात शेवटची लढाई द्यायची, अशी ती योजना वर्षानुवर्षे घोटवलेली होती. शत्रू आपल्या सोयीने आणि आपल्या वेळेला चालून येईल हे गृहीत धरण्यात अर्थ नाही, ही यामामोतोंची शंका मात्र रास्त होती. विमानांचे महत्त्व त्यांनी इतरांआधी ओळखले होते आणि 'यामातो'सारख्या प्रचंड युद्धनौका बांधण्यास त्यांचा विरोध होता. अखेर राजीनाम्याची धमकी देऊन त्यांनी आपली योजना वरिष्ठांच्या गळी उतरवली.

सहा विमानवाहू नौका आणि साडेतीनशेच्या आसपास विमाने एवढे बळ घेऊन ७ डिसेंबर १९४१ रोजी तो हल्ला झाला. उथळ बंदरात चालतील असे लाकडी पंखांचे टॉर्पेडो त्यासाठी मुद्दाम तयार केले होते. नियोजन म्हणून ते थक्क करणारे आहे. पण बंदरातल्या आठ युद्धनौकांपैकी सहा पुढे दुरुस्त होऊन कामाला लागल्या, अमेरिकेची एकही विमानवाहू नौका त्या दिवशी तिथे नव्हती, आणि तेलाच्या टाक्या शाबूत राहिल्या. हे आपल्या लेखात आले आहेच. हल्ल्याच्या ताफ्याचे प्रमुख नागुमो यांनी आणखी एक हल्ला का केला नाही, या जुन्या वादात मी शिरत नाही.

माझ्या मते खरी चूक योजनेच्या मुळाशीच होती. पहिल्याच घावाने अमेरिकी आरमाराचे आणि जनतेचे मनोधैर्य खचवायचे, हा हेतू यामामोतोंनी जानेवारी १९४१ मध्ये नौदलमंत्री ओइकावा यांना लिहिलेल्या पत्रात मांडला होता. हार्वर्डमध्ये शिकलेल्या आणि पुढे वॉशिंग्टनच्या वकिलातीत काम केलेल्या या माणसाला अमेरिकेचे कारखाने आणि तेलविहिरी पुरेपूर ठाऊक होत्या. तिथल्या माणसांचा राग मात्र त्यांच्या हिशेबात धरला गेला नाही. वाटाघाटी थांबवल्याची सूचना वॉशिंग्टनमध्ये पोहोचण्याआधीच बॉम्ब पडले, चोवीसशेहून अधिक माणसे मेली, आणि दुसऱ्या दिवशी युद्धाच्या ठरावाविरुद्ध दोन्ही सभागृहांत मिळून एकच मत पडले. ज्याने तहाला बसावे अशी अपेक्षा, त्याचीच तहाची वाट पहिल्या तासात बंद झाली.

'सहा महिने किंवा वर्षभर मी धुमाकूळ घालीन, पुढची खात्री देत नाही', अशा अर्थाचे यामामोतोंनी पंतप्रधान कोनोए यांना सांगितले होते, आणि बरोबर सहा महिन्यांनी पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईत जपान हरले, याचे लेखकाला कौतुक वाटते. पण मिडवेचा पराभव अमेरिकी कारखान्यांनी घडवलेला नाही. जून १९४२ मध्ये तिथे लढलेल्या 'एंटरप्राइज', 'हॉर्नेट' आणि 'यॉर्कटाउन' या तिन्ही विमानवाहू नौका युद्धापूर्वीच सेवेत आल्या होत्या. नव्या 'एसेक्स' वर्गातली पहिली नौका त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी दाखल झाली. तीन अमेरिकी विमानवाहूंविरुद्ध चार जपानी असताना यामामोतो हरले, कारण अमेरिकनांनी त्यांच्या गुप्त संदेशांचे संकेत फोडले होते आणि त्यांनी आपले आरमार अल्यूशियन बेटांपासून मिडवेपर्यंत विखुरले होते. ते स्वतः 'यामातो'वर, ज्या नौकेला त्यांनी विरोध केला होता तिच्यावरच, शेकडो मैल मागे होते. भाकीत खरे ठरले ते निम्मे त्यांच्याच हातून, असे मी म्हणेन.

शेवटी, 'झोपलेल्या राक्षसाला आपण जागे केले आहे' हा लेखाच्या मथळ्याखाली ठळक छापलेला उद्गार. यामामोतोंनी तो काढल्याचा पुरावा नाही. तो प्रसिद्ध झाला १९७० च्या एका चित्रपटातल्या संवादामुळे. युद्धकाळात अमेरिकेत नेमका उलटा प्रकार घडला होता. हवाई किंवा सॅन फ्रान्सिस्को घेऊनही भागणार नाही, व्हाइट हाउसपर्यंत जाऊन तह लिहून घ्यावा लागेल, आणि आपल्या राजकारण्यांची त्यासाठी तयारी आहे काय, असे यामामोतोंनी एका पत्रात विचारले होते. शेवटचा प्रश्न गाळून ते वाक्य अमेरिकेत त्यांची बढाई म्हणून छापले गेले. एकदा न केलेल्या बढाईसाठी बदनाम झालेल्या माणसाच्या तोंडी आता न काढलेला शहाणपणाचा उद्गार घातला जात आहे. त्याबद्दल पुढील पुरवणीत छोटासा खुलासा प्रसिद्ध करावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली