मंत्रिमहोदय, आमच्या बागेतला किडा औषधाने आंघोळ करतो

मा. मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी जळगावच्या कृषी प्रदर्शनात तुम्ही माईकवरून शब्द दिला होता. फळबागेतल्या किडी औषधाला किती दाद देतात हे तपासणारी प्रयोगशाळा पुढच्या बहाराच्या आत खान्देशात उभी राहील आणि नॅनो व जनुक-तंत्राच्या फवारणीचे पहिले प्लॉट आमच्याच शिवारात लागतील. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. गेल्या मंगळवारी पाचोरा तालुक्यातल्या माझ्या बागेतली मोसंबीची ३१० झाडं जेसीबीने उपटली. अकरा वर्षांची झाडं. आमचे आबा बांधावर पाठ फिरवून बसले होते.

कारण सायला. तांदळाच्या कणीएवढा किडा, कोवळ्या नवतीवर, म्हणजे नव्या फुटीवर बसतो, रस शोषतो आणि जाताना ग्रीनिंग रोग देऊन जातो. त्यावर औषध नाही. पानं ठिगळासारखी पिवळी पडतात, फळ एका अंगाने वाकडं राहतं, चवीला कडू. म्हणून किडा आधीच मारायचा. तो मारण्यासाठी मी काय नाही केलं! आधी इमिडाक्लोप्रिड, मग थायमेथोक्झाम, मग ॲसिटामिप्रिड. दरवेळी नवा डबा, नवं नाव, वाढीव भाव. ही तिन्ही एकाच गटातली, किड्याच्या अंगात एकाच जागी घाव घालणारी, हे मला चौथ्या हंगामात कळलं, तेही मोबाईलवर. दुकानदार बोलला नाही. तो कशाला बोलेल? आमच्याकडे झाडाचा डॉक्टर तोच, मेडिकलवालाही तोच. शेवटच्या फवारणीनंतर आमच्या सालदाराने नवती उलटून बघितली आणि म्हणाला, "आते हाई किडं औषधनी आंगोय करस, दादा."

एका हंगामात ऐंशी हजारांचं औषध. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे किडा मेला नाही तरी सरकारचा वाटा पोचतोच. गावात शंभरातल्या नव्वद जणांची हीच गत आहे. आकडा चावडीवर मोजलाय, तुमच्या खात्याकडे याहून बरा असेल तर कळवा.

आता तुम्ही ज्या नॅनो-जनुक फवारणीचं नाव घेतलंत, ती काय आहे ते ऐका. भाषण लिहून देणाऱ्याने तुम्हाला सांगितलं नसावं. किड्याच्या अंगात औषध पचवून टाकणारी विकरं (एन्झाइम) असतात. ती बनवायचा निरोप जनुकाकडून निघतो. त्या निरोपाशी जुळणारा रेणू, म्हणजे दुहेरी धाग्याचा आरएनए, किड्याच्या अंगात गेला की तो निरोप वाटेतच कापला जातो. विकर बनत नाही, आणि जुनंच औषध पुन्हा लागू पडतं. फ्लोरिडात २०१४ साली याच सायलाची अशी पाच जनुकं गप्प केली, तर तो इमिडाक्लोप्रिडला पुन्हा बळी पडू लागला. अडचण अशी की उघडा आरएनए उन्हात आणि किड्याच्या पोटात तुटतो, आणि आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्ही हेलिकॉप्टरमधून पाहिलंच आहे. म्हणून तो नॅनोकणात गुंडाळायचा, कोळंबीच्या टरफलापासून काढलेल्या कायटोसानमध्ये किंवा मातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांत. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये पापुद्र्यांची हीच युक्ती सीएमव्ही नावाच्या विषाणूवर वापरली आणि एका फवाऱ्यात झाडाला निदान २० दिवस संरक्षण मिळालं. सीएमव्ही म्हणजे रावेर-यावलची केळी बसवणारा आमचा हरण्या, साहेब! अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये बटाट्यावरच्या भुंग्यासाठी असं फवारायचं औषध मंजूरसुद्धा केलं. ही काही जादू नाही. यालाही किडा सरावू शकतो, प्रयोगशाळेत तो भुंगा सरावलाही आहे. म्हणूनच तर आधी तपासणी हवी.

आणि आम्हाला नॅनो काय मिळालं? २६६ रुपयांची युरियाची गोणी मागितली की नॅनो खताची बाटली गळ्यात मारतात. याला लिंकिंग म्हणतात. घरात सहा बाटल्या पडून आहेत. आई त्यातल्या रिकाम्या झालेल्या दोन मागत होती, रॉकेलसाठी. नाही दिल्या.

आरएनएने जनुक गप्प करण्याच्या या शोधाला २००६ साली नोबेल मिळालं. तेव्हा माझा पोरगा पहिलीत होता. आता तो बीएस्सी ॲग्री होऊन पुण्यात पार्सलं पोचवतो, कारण भरती निघते, परीक्षा होते, मग कोर्टात जाते. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा, माझ्या जन्माच्या आधीचा. २०२० मध्ये नवं विधेयक राज्यसभेत मांडलं, त्याचं पुढे काय झालं ते विचारलं तर म्हणतात केंद्राचा विषय. केंद्रवाले म्हणतात शेती राज्याचा विषय. मग आमचा मालक कोण? मतदानाच्या आदल्या रात्री मात्र दोघांनाही आमचं घर बरोबर सापडतं.

मला अनुदान नको. नवतीवरचे किडे नेऊन कोणतं औषध चालतं आणि कोणतं नाही, एवढं आठ दिवसांत सांगणारी एक खोली द्या, जळगावात किंवा धुळ्यात. आणि कबूल केलेले प्लॉट. माझी ४९० झाडं अजून उभी आहेत, जागा मी देतो, पाणीही माझंच.

आपला,
पाचोरा तालुक्यातला एक मोसंबीवाला

ता.क. पत्राच्या छापील प्रतीसोबत नवतीची एक फांदी पिशवीत बांधून तुमच्या कार्यालयात पाठवली आहे. उघडताना खिडक्या लावून घ्या. फवारणी परवाच झाली आहे, किडे जिवंत आहेत.