अनुताईंच्या नावाच्या पेट्या भरायच्या आहेत : शिंपले, चिंचोके आणि तुमच्या आठवणी आणून द्या

सप्रेम नमस्कार.

बोर्डी, घोलवड, कोसबाड आणि डहाणू तालुक्यातल्या पाड्यापाड्यांवरच्या सगळ्या गाववाल्यांना, तसंच इथून कामधंद्यासाठी मुंबईला किंवा वापीकडे गेलेल्या आपल्या माणसांना आमच्या वाचनालयातर्फे हे आवाहन करत आहोत. इथल्या लहान मुलांसाठी बालवाड्या चालवणाऱ्या शिक्षिका अनुताई वाघ यांच्या हाताखाली जे शिकले, ज्यांनी त्यांना पाहिलं, त्यांच्यासोबत काम केलं, त्यांच्या आठवणी आम्ही लिहून घ्यायला घेतल्या आहेत. सोबत ताईंच्या नावाने परिसरातल्या अंगणवाड्यांसाठी खेळ-साहित्याच्या पेट्या तयार करायच्या आहेत. ही दोन्ही कामं कार्यकारिणीच्या सात-आठ जणांच्या हातून उरकण्यासारखी नाहीत, म्हणून ही हाक.

घाई का करतोय, ते आधी सांगतो. गेल्या पावसाळ्याआधी एका आजींकडे आम्ही गेलो होतो. कोसबाडच्या कुरणशाळेत, म्हणजे गुरं राखणाऱ्या मुलांच्या शाळेत, त्या लहानपणी होत्या, असं त्यांच्या नातवाकडून कळलं होतं. आजी सारवलेल्या ओट्यावर बसून मोहाच्या बिया फोडत होत्या. आम्ही विषय काढताच त्यांनी हातातलं काम थांबवलं, ओंजळीतल्या बिया ओट्यावर टाकल्या आणि काही न बोलता त्यांचे पाच-पाचाचे ढीग लावले. भराभर, न मोजता. मग म्हणाल्या, "असंच शिकवलं आम्हाला. आता लावणीची गडबड आहे, भात कापून झाल्यावर या, सगळं सांगते." आम्ही बरं म्हटलं आणि निघालो. भात कापून होण्याआधीच आजी गेल्या. त्या दिवशी आणखी अर्धा तास थांबलो असतो तर, ही टोचणी आमच्यातल्या कुणाच्याच मनातून जात नाही. बोर्डीच्या पहिल्या बालवाडीत जी मुलं बसली ती आज ऐंशीच्या पुढे आहेत. कुरणशाळेतली पोरं सत्तरीत आली आहेत. पुढच्या सुगीपर्यंत थांबण्याइतका वेळ आता आपल्याकडे नाही.

नव्या पिढीतल्या पुष्कळांना अनुताई म्हणजे शाळेच्या भिंतीवरचा एक फोटो एवढंच ठाऊक आहे. त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आलं. मुलींचं लग्नाचं वय ठरवणारा शारदा कायदा व्हायला तेव्हा अजून सहा वर्षं होती. तेरा वर्षांच्या विधवा मुलीच्या वाट्याला त्या काळी काय येत असे ते आपल्या घरातल्या जुन्या बायकांना विचारा. ही मुलगी मात्र शिकली. पुण्यात शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, नाशिक जिल्ह्यात चांदवडला मास्तरकी केली, नंतर पुण्याच्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेत बरीच वर्षं शिकवलं. नोकरी सांभाळून रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाली. पदवी घेतली ती थेट १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, इथल्या कामाच्या रगाड्यात असताना. ज्यांना "आता या वयात काय शिकायचं" असं वाटतं, त्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवावं.

१९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा स्मारक निधीचं ग्रामसेविकांचं शिबिर होतं. तिथे त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाईंनी त्याआधीच बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत गुजरातेत बालशिक्षणाचं मोठं काम उभं केलं होतं; १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला तो त्यातूनच. पण ते काम बहुतेक शहरातल्या मुलांपर्यंत पोचलं होतं. ताराबाईंना खेड्यात यायचं होतं. त्या बोर्डीला आल्या आणि मागोमाग पुण्यातली कायमची नोकरी सोडून अनुताई आल्या. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या आणि अनुताई पस्तिशीच्या. याच वर्षी किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या मागे उभे राहून आपल्याकडचे वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. ज्या मुलखात मोठ्या माणसाच्या मजुरीलाच दाम मिळत नव्हता, तिथे तीन वर्षांच्या पोराच्या शिक्षणाचं काय घेऊन बसलात, असं कुणाला वाटलं असेल तर नवल नाही.

बालवाडी काढली, पण हरिजन वस्तीतली मुलं तिकडे येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून मुलांच्या दारात नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, त्यांना न्हाऊ-माखू घालायचं, केस विंचरायचे, नखं कापायची, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या. म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर हा शब्द सरकारी कागदावर आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. आपल्या बोर्डीच्या अंगणात जन्मलेला शब्द दिल्लीपर्यंत गेला, याचा आम्हाला फार अभिमान आहे आणि तो आम्ही लपवणार नाही.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. इथली अडचण वेगळी होती. थोरल्या मुलीला शाळेत यायचं असतं, पण आईबाप मजुरीला गेले की कडेवरच्या धाकट्याला सांभाळणार कोण? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली. तिचं नाव विकासवाडी. धाकटा पाळण्यात, मधला बालवाडीत, थोरली वर्गात, आणि तिला मधूनच उठून भावाला पाहून यायची मुभा. उरली गुरं राखणारी पोरं. दिवस उजाडताच ती गुरांमागे जात, त्यांना शाळा कुठली? तेव्हा शिक्षकच त्यांच्यामागे कुरणात गेले. गवताच्या जाती, किडे, पाखरं, ढगांच्या सावल्या हीच पाठ्यपुस्तकं आणि खडे, बिया ही गणिताची पाटी. ओट्यावरच्या आजींचे ते पाच-पाचाचे ढीग आले ते या कुरणशाळेतून.

१९७३ साली ताराबाई गेल्या. पुढची एकोणीस वर्षं अनुताईंनी ही टेकडी सोडली नाही. १९८२ साली रमेश पानसे यांच्या जोडीने ग्राममंगल ही संस्था उभी केली, तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. १९८५ साली पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या. ब्याऐंशी वर्षांच्या आयुष्यातली सत्तेचाळीस त्यांनी आपल्याकडच्या मुलांना दिली.

आता मुद्द्याचं.

कार्यकारिणीत आधी अर्धपुतळ्याची सूचना आली होती. ज्यांनी ती मांडली त्यांच्या भावनेबद्दल आम्हाला आदरच आहे. पण बोलता बोलता बहुतेकांचं मत असं पडलं की पैसे जमलेच तर ते लहान मुलांच्या हातात पडावेत. मॉन्टेसरी पद्धतीचे लाकडी मनोरे, दट्ट्यांचे ठोकळे खेड्यातल्या बालवाडीला परवडणारे नव्हते, तेव्हा या बायकांनी आसपास नजर टाकली आणि किनाऱ्यावरचे शिंपले, झाडाखालच्या बिया, पानं, काटक्या यांचंच साहित्य केलं. लहान-मोठं, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलकं हे सगळं त्यातून शिकवता येतं. तेच साहित्य पुन्हा गोळा करून एकेका अंगणवाडीला एकेक पत्र्याची पेटी भरून द्यायची, असं ठरलं आहे. या परिसरातल्या काही सेविकाताईंशी बोलून, त्यांना खरोखर काय उपयोगी पडेल ते विचारूनच यादी केली आहे. पोषण आहार, वजनं, लसीकरण, नोंदवह्या यांतून त्यांना उसंत मिळत नाही. निदान साहित्यासाठी तरी त्यांना पदरमोड करावी लागू नये.

काय आणाल? बोर्डीच्या किनाऱ्यावरचे शंख-शिंपले. जेवणात तिसऱ्या झाल्या तर त्यांचे शिंपले टाकू नका, त्यांच्या जोड्या लावायचा खेळ फार सुंदर होतो. चिंचोके, सागरगोटे, सीताफळाच्या बिया, सुरूची खरबरीत फळं, घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या, बांबूच्या कांड्या. शिंप्याकडे उरलेल्या चिंध्या आम्हाला हव्याच आहेत. सुती, रेशमी, गोणपाट, लोकर असे तुकडे जोडीने कापून त्यांची स्पर्श ओळखण्याची पिशवी होते. मूल आत हात घालतं, डोळे मिटून एक तुकडा चाचपतं आणि त्याचा जोडीदार शोधून काढतं. आमच्यातल्या एकीच्या नातीने हा खेळ सलग अकरा वेळा खेळला आणि बाराव्यांदा पिशवी आजीच्या हातात देऊन "आता तू" म्हणाली.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. गुंजा आणू नका. लाल-काळ्या टपोऱ्या गुंजा मुलांना आवडतात आणि माळेला छान दिसतात, पण त्यांचं बी विषारी असतं. एरंडाच्या बियांचंही तेच. बारीक बियांच्या डब्या आम्ही वेगळ्या ठेवणार आहोत आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती त्या देऊ नयेत, असं डबीवरच लिहिणार आहोत. नाकात, घशात बी अडकण्याची भीती खरी असते.

सुतारकाम येणाऱ्यांची गरज आहे. पेटीत कप्पे घालायचे आहेत आणि पाटीएवढ्या फळ्या तासून हव्या आहेत. महिन्यातले दोन रविवार दिलेत तरी पुरे. चित्रं काढणाऱ्या वारली भावाबहिणींनी झाकणांवर चित्रं काढून द्यावीत अशी विनंती आहे. त्याचं मानधन आम्ही देऊ; ही कला फुकट मागण्याची नाही.

आठवणींच्या कामाला तरुण मुलं-मुली हवीत, आणि त्यातही वारली बोलणारी. आजी-आजोबा आपल्या बोलीत जे मोकळेपणाने सांगतात ते आमच्यासारख्यांनी विचारलं की आखडतं. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं, मग घरी ऐकून जसंच्या तसं उतरवायचं. बोली सुधारून लिहायची नाही. कुणाचं बोलणं छापायचं ते त्यांना वाचून दाखवून आणि त्यांनी हो म्हटलं तरच. बालवाडीत म्हटलेली गाणी कुणाला आठवत असतील तर ती पहिल्यांदा नोंदवायची आहेत. अर्धवट आठवत असली तरी चालेल, एकीला पहिली ओळ आठवते आणि दुसरीला पुढची, असं दोन ठिकाणी झालं आहे.

जुने फोटो, पत्रं, गुणपत्रकं, अनुताईंच्या सहीचा एखादा कागद असेल तर आणा. आम्ही तुमच्यासमोर त्याचा फोटो काढून मूळ कागद लगेच परत देऊ. त्यांच्या 'बालवाडी कशी चालवावी' आणि 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकांच्या जुन्या प्रती घरात पडून असतील तर वाचनालयाला द्या. आमच्या प्रती वाचून वाचून पार खिळखिळ्या झाल्या आहेत.

आणि पैसे. पत्र्याच्या पेट्या, कापड, डिंक, रंग, छपाई आणि पाड्यांवर जायचं-यायचं भाडं यासाठी पैसा लागणारच आहे. जमेल तेवढी रक्कम द्या, दहा रुपयांचीही पावती मिळेल. पावतीशिवाय कुणाकडेही पैसे देऊ नका, ओळखीचा असला तरी. जमा-खर्चाचा हिशेब दर महिन्याला वाचनालयाच्या फलकावर लावू. एका पूर्ण पेटीचा खर्च एखाद्या घराने किंवा बचत गटाने उचलला तर फारच बरं, पण पेटीवर देणगीदाराचं नाव घालणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पेटीवर एकच नाव असेल, अनुताईंचं.

येत्या १७ मार्चला ताईंच्या जन्मदिवशी पहिल्या पेट्या अंगणवाड्यांत पोचवायच्या आहेत. व्यासपीठ, हारतुरे नाहीत. पेटी मुलांच्या मधोमध ठेवायची आणि उघडायला त्यांनाच सांगायचं. त्या दिवशी ज्यांच्या आठवणी नोंदवून झाल्या आहेत त्या आजी-आजोबांना गाडी करून नेण्याचा विचार आहे. आपल्या घरासमोर गाडी उभी करायला जागा असेल आणि एखादी गाडी त्या दिवसापुरती देता येत असेल तर कळवा.

कोणत्याही संध्याकाळी, वाचनालय उघडं असताना या. तुमच्या पाड्यावर कुणी म्हातारं माणूस आहे आणि त्याने ताईंना पाहिलं आहे एवढं कळलं तरी आम्ही दुसऱ्या दिवशी निघू. त्यांनी यायचा त्रास घेऊ नये. दाराशी दोन मोठ्या टोपल्या ठेवल्या आहेत, डावीकडची बियांसाठी आणि उजवीकडची शिंपल्यांसाठी. शिंपले मात्र गोड्या पाण्यात धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून आणा.

आपले,
वाचनालयाची कार्यकारिणी